तेल प्यालेले बूट

निंबखेड्यात येऊन विश्वंभर पडोळे कुठं राहतात असं विचारलं, तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. पाणीवाले आबा म्हणा, मग लहान लेकरूसुद्धा बोट धरून दारापर्यंत नेतं, आणि दारात सोडताना आत डोकावून ओरडतं, "आबा, आमच्या आळीला कवा सोडता?"

ग्रामपंचायतीच्या टाकीतलं पाणी गावात सोडायचं काम आबांकडं. टाकी टेकडावर, औंढ्याच्या रस्त्याला लागून. वॉल्व्ह मात्र गावभर विखुरलेले. एक उकिरड्यापाशी, एक मारुतीच्या मागं, एक तर कुणाच्या तरी गोठ्यात म्हशीच्या पायाखाली. लोखंडी पान्हा खांद्यावर टाकून आबा इकडचा बंद, तिकडचा चालू करत फिरतात. वरच्या आळीला वाटतं खालच्या आळीला जास्त मिळतं. खालच्या आळीला वाटतं आबा वरच्या आळीचे जावई आहेत. मिशी पिकली, वय उलटलं, सरपंच बदलले, पण आबांना कुणी सुट्टी देईना. दुसरा माणूस ठेवला की तो शिव्या ऐकून महिन्याभरात पुण्याचा रस्ता धरतो. आबांना शिव्या पचतात. निदान तसा गावाचा समज आहे.

गावाला आबांचं तोंड दिसलं की तहान लागते. लग्नात, बारशाला, बाजारात, कुठंही. आबांची थोरली बहीण वारली, तेव्हा दहाव्याला नदीवर बसले होते. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. खालच्या आळीचा देवला पंचा सावरत जवळ सरकला. "लई वाईट झालं आबा," म्हणाला. एक उसासा टाकला. रीतीपुरता थांबला. मग म्हणाला, "उद्या आमच्याकडं सोडता ना?"

अशा माणसानं पळायला लागावं याचं गावाला नवल वाटलं, पण त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं.

झालं असं, की काही वर्षांमागं एका पहाटे फाट्याजवळ पाइप फुटला. पाणी रस्त्यावरून वाहायला लागलं. आबा टाकीवरून जे पळत सुटले ते फाट्यापर्यंत. वाटेत लक्ष्मीबाई उभी होती, जी आबांना रोज अडवून नळाचं गाऱ्हाणं घालत असे. ती बाजूला झाली. पुढं दोघं तिघं भेटले, तेही बाजूला झाले. पळून राहिले म्हणजे काहीतरी झालं असंल, जाऊ द्या. आबांनी पाइपाला रबर गुंडाळलं, परत फिरले आणि परतताना कामाशिवाय पळत आले. कुणी एक शब्द विचारला नाही. चालणाऱ्याला अडवतात, बसलेल्याला तर धरतातच, पण पळणाऱ्या माणसाला पाण्याचं विचारायला जीभ रेटत नाही, हा शोध आबांना उतारवयात लागला.

दुसऱ्या दिवशी पाइप फुटला नव्हता तरी ते पळाले.

तेव्हापासून रोज पहिला वॉल्व्ह उघडायच्या आधी आबा टाकीपासून फाट्याच्या पुलापर्यंत पळतात आणि परत येतात. दोन्ही बाजूला सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी, समोरून हिंगोलीची पहिली एसटी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, आबा हात करतात. पळणं म्हणजे काय, तर जवळून बघणाऱ्याला पळणं वाटतं, लांबून बघणाऱ्याला वाटतं माणूस जागच्या जागी हलून राहिला. पण आबांच्या लेखी ते पळणं होतं. दिवसभर ते दमतच होते. तो दम वरच्या आळीचा, खालच्या आळीचा, सरपंचाचा, जळालेल्या मोटारीचा. सकाळचा दम तेवढा त्यांचा स्वतःचा. तो लागला की टाकीच्या पायरीवर बसून ते तो सावकाश उतरू देत, घरचा चहा प्यावा तसा.

पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते. पोरगा संतराम कंपनीत लागून पुण्याला गेला, तेव्हा माळ्यावर टाकून गेला होता. पांढरे असल्याची आठवण आता फक्त संतरामला असेल.

यंदा दिवाळी झाली आणि आबांची टाच धरली. सकाळी बाजेवरून पाय खाली टेकवला की बाभळीचा काटा आत गेल्यागत कळ. चार पावलं टाकली की जरा सैल पडायची, पळून आलं की पुन्हा दुप्पट. पार्वतीबाईंनी वीट तापवून, तिच्यावर रुईचं पान ठेवून शेक दिला. शेक देता देता तोंडानंही दिला.

"ह्या वयात माणसं टाळ घेऊन बसतात. तुमी रस्ता घेऊन बसलात."

"शेक दे गं. भाषण नको."

"कुणी पाठी लागलंय का तुमच्या? कुत्रं तरी लागतंय का?"

पाठी कोण लागलंय हे सांगायला गेलं तर गावाची मतदारयादी वाचावी लागली असती.

विटेनं भागेना, तेव्हा हिंगोलीला डॉक्टर गाठला. डॉक्टरानं टाच दाबली, आबा टेबलावरून वीतभर उडाले. मग त्यानं त्यांचा बूट हातात घेतला, उलटा केला, उजेडाकडं धरला. टाचेच्या जागी तळ इतका झिजला होता की पलीकडचा पंखा दिसत होता.

"बाबा, वय बघता पळणं बंद करा," डॉक्टर म्हणाला. आबांचा चेहरा बघून त्यानं जरा माघार घेतली. "न्हाईतर मग पळायचे धड बूट घ्या. पण ह्या बुटात पळालात, तर पळायचं सोडा, चालायचीही तकलीफ होईल. बूट मानवले तर पळा. न्हाई मानवले तर इथं येऊन मला विचारू नका, सरळ बंद करा."

तेव्हा गोष्ट बुटांवर येऊन ठेपली. बूट मानवले तर सकाळ आबांची, न मानवले तर सकाळही गावाची.

घरात बुटातलं कळणारं माणूस एकच होतं, ती म्हणजे नात कोमल. लेकीची लेक. पोलीस भरतीच्या तयारीसाठी आजोळी राहिलेली. ती पहाटे आबांच्या आधी निघायची, आबा पुलापर्यंत पोचेस्तोवर परत फिरून समोरून यायची आणि जाता जाता टाकून जायची, "आबा, पळून राहिले का रस्ता मोजून राहिले?" पण ती नेमकी त्या आठवड्यात सेनगावला आईकडं गेली होती. थांबावं एवढा धीर आबांना नव्हता. आणि खरं सांगायचं तर बूट घ्यायला नातीला विचारावं, इतकी वेळ आली नाही असं त्यांचं मत होतं. जोडा कसा घ्यावा हे त्यांना बापानं शिकवलं होतं.

बाप चामड्याचा जोडा घालायचा. त्याचा नेम असा: जोडा आवळच घ्यावा. सैल जोडा घेतला की तो तुमचा मालक, आवळ घेतला की तुमी त्याचे. आणलेला जोडा आधी एरंडेल पाजून मऊ करायचा, तरीही अडला तर भिजले हरभरे फडक्यात बांधून आत कोंबायचे. हरभरा रात्रभर फुगतो, जोडा सकाळपर्यंत शहाणा होतो. आबांच्या लग्नातला जोडा असाच शहाणा केलेला होता आणि तो त्यांनी दोन पोरं होईपर्यंत वापरला.

बाजाराच्या दिवशी, सकाळच्या एसटीनं, ताजेतवाने पाय घेऊन आबा हिंगोलीला गेले. मुन्नाशेठच्या दुकानात बुटांच्या भिंती होत्या. मुन्नाशेठ गोल, घामेजलेला, गिऱ्हाईक मराठी बोललं तरी हिंदीत आणि हिंदी बोललं तर मराठीत उत्तर देणारा.

"काका, किसके लिए चाहिए? पोते के लिए?"

"माझ्यासाठी. पळायचे."

मुन्नाशेठनं आबांच्या मिशीकडं बघितलं, मग धोतराकडं. व्यापारी माणूस, हसला नाही. "नंबर?"

"सात."

सात नंबर पायात चढेना. आबांनी बोटं मुडपली, टाच आपटली, शेवटी चढला. अंगठा पुढं टेकला होता आणि करंगळी कुठं गेली ते कळत नव्हतं.

"काका, आगे लग रहा है. आठ देखो. नऊ देखो."

"मी सात नंबरचा माणूस हाव. लग्नापासून सात."

"उमर के साथ पाव बढ़ते, काका."

"म्हाताऱ्याचे कान वाढतात, मुन्नाशेठ. पाय न्हाई वाढत."

मुन्नाशेठनं दुसरा जोड पुढं केला, जाड, मऊ तळाचा. आबांनी तळ अंगठ्यानं दाबला. अंगठा आत रुतला. असला तळ म्हणजे आठ दिवसांचा पाहुणा. मग त्यांनी एक काळा, टणक जोड निवडला, दोन्ही तळ एकमेकांवर आपटून बघितले. खणखणीत वाजले. असा आवाज असावा. मुन्नाशेठ म्हणाला, "काका, ये तो ऑफिसवाले चलने को लेते." आबा म्हणाले, "चालतो तो पळतोही." मुन्नाशेठनं जोड डब्यात भरला, आबांच्या मागं आणखी गिऱ्हाईक उभं होतं.

घरी आल्यावर अंगणात चार फेऱ्या मारल्या. पायाचा चुरा झाला. आबा घाबरले नाहीत. आवळ आहे म्हणजे बराबर आहे. दिवेलागणीला पार्वतीबाई भजनाला गेल्या, तसं आबांनी फडताळातून एरंडेलाची बाटली काढली. नव्या बुटांना आतून, बाहेरून, शिवणीतून, जिथून पाजता येईल तिथून पाजलं. बूट चामड्याचे नव्हते, जाळीच्या कापडाचे होते, पण तेल पिण्यात त्यांनी चामड्याला मागं टाकलं. ओट्यावर पातेल्यात हरभरे भिजत पडले होते. आबांनी ते दोन फडक्यांत बांधले, बुटांत ठासून कोंबले, वरून नाड्या आवळल्या आणि बूट बाजेखाली सरकवून समाधानानं झोपले.

सकाळी त्यांना जाग आली ती पार्वतीबाईंच्या आवाजानं.

"हरभरे कुठंयत? उसळीला घातले होते मी. पातेलं रिकामं कसं?"

आबा बाजेवर बसून राहिले.

"उंदीर एवढे खाईल? बोलत काहून न्हाई तुमी?"

"बुटात," आबा म्हणाले.

"कशात?"

आबांनी बाजेखालून बूट ओढले. हरभऱ्यांनी रात्रभर प्रामाणिकपणे काम केलं होतं. बूट टम्म फुगले होते, जाळीतून तेल पाझरत होतं, आणि उजव्या बुटाचा तळ पुढून जरासा सुटून हसत होता. पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू होतं का वास, ते कळलं नाही.

"आता ही उसळ कुणाला वाढू?"

"म्हशीला घाल."

"म्हैस खाईल असं वाटतं तुमाला? तिला नाक हाये."

आबांनी फडकी काढली, बूट पायात घातले. गेले, सहज गेले! बापाची विद्या फुकट गेली नव्हती. ते टाकीवर गेले, नेहमीच्या जागी उभे राहिले आणि पळायला लागले. पहिल्या वळणापर्यंत बूट पच्‌ पच्‌ वाजत होते, पण बराबर होते. वळणावर धूळ आली. तेल प्यालेल्या जाळीनं ती धूळ अशी धरली की बूट बघता बघता भाकरीच्या पिठात घोळल्यासारखे दिसायला लागले. मग वास आला. एरंडेल आणि आंबलेला हरभरा. वासामागून एक कुत्रं आलं, ते आबांच्या टाचेशी नाक लावून पळायला लागलं. पार्वतीबाईंनी विचारलं होतं, कुत्रं तरी लागलंय का. आता लागलं होतं.

पूल दिसत होता तेव्हा उजव्या बुटाचा तळ सुटला. पुढून जबडा उघडला आणि प्रत्येक पावलाला फटाक्‌ फटाक्‌ करून तोंड मिटू लागला. आत पाय तेलावर घसरत होता, टणक तळ टाचेला दगडासारखा लागत होता. आबांनी चार पावलं रेटली. पाचव्याला कळ टाचेतून थेट गुडघ्यापर्यंत आली. ते पुलाच्या कठड्यावर बसले.

बसायला आणि देवलाची मोटारसायकल यायला एक गाठ पडली.

"आबा! बसले व्हय? बरं झालं गावलात. दोन दिवस झाले, आमच्याकडं चूळ भरायला पाणी न्हाई."

आबांनी बूट काढून बाजूला ठेवला. देवलाला बूट दिसला नाही, देवलाला नळ दिसत होता. तोवर लक्ष्मीबाई गवताचा भारा घेऊन आली. भारा कठड्याला टेकवला. "याच्या आळीला दोन दिवस न्हाई, आमच्याकडं तर धार करंगळीएवढी." देवला म्हणाला करंगळी तरी हाये ना. लक्ष्मीबाई म्हणाली तुझी करंगळी दाखव. मग एक दूधवाला थांबला, त्याला फक्त बघायचं होतं, पण थांबला तर त्यानंही आपल्या आळीचं सांगून टाकलं. थोड्या वेळानं पुलावर ग्रामसभा भरली होती आणि आबा मध्ये एका पायात बूट, एका पायात मोजा घालून अध्यक्षासारखे बसले होते. कुत्रं बूट चाटत होतं. एवढ्या लोकांत आबांच्या पायाशी काम असलेलं ते एकटंच.

आबांनी मान खाली घातली. इतकी वर्षं ते पुलाला शिवून परत फिरत होते, इथं बसले मात्र कधी नव्हते. बसलं की काय होतं ते आज कळलं.

त्या दिवशी ते देवलाच्या मोटारसायकलवर मागं बसून गावात आले. देवलानं त्यांना आधी आपल्या आळीच्या वॉल्व्हपाशी उतरवलं.

पुढचे काही दिवस आबा पळाले नाहीत. पहाटे जाग यायची, ते बाजेवर बसून राहायचे, मग पान्हा उचलून चपला ओढत निघायचे. लंगडणारा माणूस हळू चालतो, म्हणून वाटेत जास्त माणसं भेटायची. घरी आले की जेवायचे, पाठ टेकायचे. टीव्ही चालू असला तर त्याच्याकडं बघायचे, बंद असला तरी त्याच्याकडं बघायचे.

कोमल सेनगावहून परत आली, तिनं ओसरीच्या कोपऱ्यात पडलेले बूट बघितले, उचलले आणि लगेच खाली टाकले.

"आज्जी, ह्यात काय मेलंय?"

पार्वतीबाईंनी सगळं सांगितलं. कोमल हसून हसून जमिनीवर बसली. पार्वतीबाईही हसल्या, मग आवाज खाली करून म्हणाल्या, "हसू नको गं. पळायचे तवा मी रोज बोलायची. पण पळून आले की चहा पिताना दोन शब्द तरी बोलायचे माझ्याशी. आता नळाला हवा आल्यागत नुसतं फुस्स. तू त्यांना बूट घेऊन दे."

कोमल ओसरीवर आबांपाशी जाऊन बसली. "आबा, आज संध्याकाळी हिंगोलीला जाऊ."

"संध्याकाळी? भाजी आणि जोडा सकाळी घ्यावा. पाय ताजा असतो."

"ताज्या पायाला कुठं बूट लागून राहिले? पाय दाखवा तुमचा."

"माझा पाय मला ठावं हाये."

"दाखवा म्हणते ना!"

आबांनी पाय पुढं केला. दिवस उतरला होता, सगळे वॉल्व्ह फिरून झाले होते. आणि खरंच, कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपल्या पायाकडं बघितलं. तो पाय नव्हता, पारावरच्या वडाची मुळी होती. बोटं एकमेकांपासून रुसून बाजूला सरकलेली, मधला उंचवटा बसून गेलेला, घोट्याजवळ सूज. चपलेतून तो चारी बाजूंनी बाहेर सांडत होता. चप्पल कधी तक्रार करत नाही, म्हणून तो पसरल्याचं कळायला वाटच नव्हती. सात नंबर केव्हाच निघून गेला होता, आबा मात्र त्याचं नाव घेऊन बसले होते.

"माझ्या बापाचा पाय एवढा नव्हता," ते हळूच म्हणाले.

"बाप तुमचे पाणी सोडत हिंडत होते का गावभर?" कोमल म्हणाली. "मोजे घ्या बरोबर. पळायचे जे घालता ते."

पार्वतीबाईंनी लुगडं बदललं. "मी बी येते. न्हाईतर पुन्हा माझे हरभरे जातील."

मुन्नाशेठनं आबांना ओळखलं. "क्या काका, वो जूते?"

"आहेत," आबा म्हणाले.

"आहेत काय आहेत," पार्वतीबाई म्हणाल्या आणि दुकानभर ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. मुन्नाशेठ आधी ऐकत होता, गोष्ट हरभऱ्यापाशी आली तेव्हा स्टुलावर बसला, कुत्र्यापाशी आली तेव्हा डोळे पुसायला लागला. "चाची, बीस साल से दुकान है," म्हणाला, "जूता भूखा है ऐसा किसी ने नहीं समझा." जुना जोड परत घ्यायचं कुणी विचारलं नाही. विचारायला तोंडही नव्हतं.

मग कोमलनं कारभार हातात घेतला. आबांना उभं केलं. उभ्यानं माप घ्या म्हणाली, बसल्यावर पाय गरीब होतो. मापाला नऊ नंबर निघाला, तोही रुंद पंजाचा. आबांनी डोळे मिटले. पहिला जोड घातला, टाच मागून उचलत होती. काढा. दुसऱ्यात करंगळी दाबत होती.

"आबा, लागतंय का?"

"थोडं लागतंय. सैल होईल की."

"होणार न्हाई. हे बूट सैल होत न्हाईत. दुकानात लागलं म्हणजे रस्त्यावर लागणार. काढा."

आबांनी एवढ्या वेळा वाकून उठून कधी बूट घातले नव्हते. ते दमले. बापाचा नेम एकेक करून दुकानात गळून पडत होता. आवळ नको, पुढं अंगठ्याएवढी जागा हवी. टणक नको, टाचेखाली जाड आणि मऊ हवं. वाजायला नको. मुन्नाशेठ आता नुसते डबे उघडत होता.

शेवटी एका डब्यातला जोड पायात गेला. काही लागत नव्हतं. त्यांनी टाच टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. काटा कुठं गेला ते शोधल्यासारखं.

"हा," कोमल म्हणाली.

सगळ्यांनी खाली बघितलं. जोड पोपटी होता. नाड्या केशरी.

"दुसरा रंग?"

"नऊ नंबर चौडा एकही पीस है, काका. कोई लेता नहीं."

"कुणी घेत न्हाई ते मी घेऊ? ह्यात मी पोपट दिसीन. गाव काय म्हणंल?"

"दिसा की," पार्वतीबाई म्हणाल्या. त्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, त्यांनाही कंटाळा आला होता. "असंही तुमच्याकडं कोण बघून राहिलं? समदे नळाकडं बघतात."

आबा त्यांच्याकडं बघत राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात आपलं दुखणं ह्या बाईला माहीत आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"बाहेर पळून बघा," कोमल म्हणाली. "पळल्याशिवाय घ्यायचे न्हाईत."

दुकानाबाहेर संध्याकाळची गर्दी. आबांनी धोतराचा सोगा खोचला आणि पळायला लागले. केळीवाल्याच्या गाड्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. ते गाड्यापाशी आले, वळायचं विसरले, पुढं गेले. पुढं रिक्षा उभ्या होत्या, त्यांच्यामधून गेले. एवढी माणसं, कुणी त्यांना ओळखत नव्हतं. कुणी आळीचं नाव घेतलं नाही. मागून मुन्नाशेठची हाक येत होती, "काका! वापस तो आव! पैसा बाकी है!" आणि त्याच्यामागून कोमलचं हसणं.

ते परत आले तेव्हा धापा टाकत होते. "लागले का कुठं?" कोमलनं विचारलं.

"दम लागला," आबा म्हणाले. "बाकी कुठं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाजेवरून पाय खाली ठेवला तेव्हा टाच बोलली. बूट काही औषध नव्हतं. पण ती हळू आवाजात बोलली, शेजारच्या खोलीतून बोलावं तशी. आबा टाकीवर गेले. पोपटी बूट अंधुक उजेडातही असे दिसत होते की आपणच आपल्या पायांकडं बघायला लाजावं.

आणि पंचाईत नेमकी तीच झाली. आधी आबा लांबून ओळखू येत नसत. आता निंबखेड्याच्या वेशीपासून दिसत होतं, ते पोपटी काहीतरी हलत येतंय ते आबा. देवलानं गाडी पुलापाशी आधीच लावून ठेवली होती.

"आबा! थांबा, थांबा. ते मोटारीचं—"

आबांनी पुलाला हात लावला आणि परत फिरले.

"आबा, एक मिनिट!"

"पळून राहिलो ना बाबा!"

देवलाला काय सुचलं कोण जाणे, गाडी तिथंच सोडून तो चपलांनिशी आबांच्या बाजूनं पळायला लागला. "आबा, उद्या... आमच्याकडं... सकाळी..." पुढचं वाक्य त्याला आलं नाही. त्याचं पोट त्याच्यापेक्षा दोन पावलं मागं राहत होतं, एक चप्पल त्याहून मागं राहिली. आबांनी वेग वाढवला नाही. तेवढी ताकदच नव्हती. ते आपल्या चालीनं गेले, जागच्या जागी हलल्यासारखे, आणि देवला कंबरेवर हात ठेवून तुरीच्या कडेला उभा राहिला. पाण्याचा विषय त्याच्या छातीत अडकून बसला होता.

समोरून कोमल दुसरी फेरी मारत आली. "आबा, रस्ता मोजून झाला का?"

त्यांनी नुसता हात वर केला. बोलण्यात दम घालवायचा नव्हता.

टाकीपाशी आल्यावर ते पायरीवर बसले. खाली गावातून भांड्यांचे आवाज यायला लागले होते, कुणीतरी रिकाम्या हंड्यावर बोटं वाजवत होतं. पान्हा हाताशी होता. पाय सुजले होते, पाठ धरली होती, श्वास अजून जागेवर यायचा होता. आबांनी केशरी नाड्या जरा सैल केल्या. मग तो दम पूर्ण उतरेपर्यंत बसून राहिले, आणि वरच्या आळीचा वॉल्व्ह थोडा उशिरा उघडला.